हिरवा झाला का?

१

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुने लोक म्हणायचे. बाकीचे नऊ निदान आकाशात असतात, हा घरात राहायला आला होता. घर सासऱ्यांचं. उतारावर बांधलेलं, म्हणून पुढून बैठं दिसायचं आणि मागून बघितलं तर त्याच्या पोटात एक तळघर. गाडी तिथे राहायची. स्वयंपाकघरातल्या कडीच्या दारातून एक जिना खाली उतरायचा, मध्ये एकदा वळायचा, आणि वळणाच्या पलीकडचं वरून काही दिसायचं नाही.

जावई लोकांचे कान तपासायचा. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, डोक्याला हेडफोन लावायचे आणि काचेबाहेरून सांगायचं, "आवाज आला की बोट वर करा." मग आवाज कमी कमी करत न्यायचा. गावभर त्याला कानवाले म्हणायचे. घरी आला की तो नक्कल करून दाखवायचा: "काही जण आवाज नसतानाही बोट वर करतात गं! बहिरा म्हणतील ना, ही धास्ती. काय ते चेहरे होतात!" सासऱ्यांची तपासणी त्यानंच केली होती. त्यांनीही आवाज नसताना बोट वर केलं होतं, आणि तो किस्सा त्यानं त्यांच्यासमोरच रंगवून सांगितला होता.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. गोदीत क्रेनखाली उभं राहून "घे वर!", "सोड खाली!" ओरडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यात कान गेले. आता ते मागच्या खोलीत राहायचे, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायचे आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची एकुलती एक लेक नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करायची. दिवसभर गाडी तिच्याकडे, संध्याकाळी तळघरात.

आणि तळघरात चार्जर. भिंतीवर एक गुळगुळीत पांढरा डबा. त्याला बटन नाही, खटका नाही, किल्ली नाही. एक दिवा आणि एक जाड वायर, बस्स. बाकी सगळं फोनमधल्या ॲपवर. ॲपमध्ये 'सुरू' दाबलं तर गाडी चार्ज होणार, नाहीतर तो डबा म्हणजे भिंतीतला धोंडा. डब्याला वरून इंटरनेटची वायर आणली होती, पण फोनला तिथे रेंज औषधालाही नव्हती. बसवायला आलेला मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, खाली एक छोटं राउटर लावून घ्या. आणि हा प्लग ढिला आहे, बदलून मागा." जावई म्हणाला, "बघू." या माणसाचं 'बघू' म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

त्यामुळे दोन माणसं लागायची. एक वर जिन्याच्या तोंडाशी फोन घेऊन, दुसरं खाली तो ढिला प्लग गाडीत दाबून धरून. वरच्यानं 'सुरू' दाबायचं, आणि निळा दिवा हिरवा होईपर्यंत खालच्यानं हात काढायचा नाही. ॲपमध्ये नुसतं चाक फिरत राहायचं, खरं काय ते दिव्यालाच ठाऊक. गच्चीवर अँटेना फिरवताना "आलं का?" "नाही आलं!" चालायचं ना, त्यातलीच गत. दुसऱ्याच्या फोनवर ते ॲप घेता येत होतं, जावयानं फक्त आमंत्रण पाठवायचं होतं. ते त्यानं बायकोलासुद्धा पाठवलं नव्हतं. वर तो, खाली अण्णा, असं ठरून गेलं.

"हिरवा झाला का?"

"झाला!"

गोदीतला तो खणखणीत आवाज जिना चढून यायचा, जावई फोन खिशात टाकायचा, आणि थोड्या वेळानं अण्णा गुडघे धरत वर यायचे.

त्याच फोनवर, चार्जरच्या ॲपशेजारी, आणखी एक ॲप होतं. अण्णांच्या कानातल्या मशीनचं. ते मशीन जावयानंच बसवलं होतं आणि त्याचा आवाज कमीजास्त करायची पट्टी त्याच्या अंगठ्याखाली होती. तळघरात पाठवताना तो आवाज वाढवायचा, कारण तेव्हा अण्णांना ऐकू यायला हवं असायचं. जेवताना कमी करायचा.

"अण्णा, उद्या तुमचे डोळे दाखवायचेत. सकाळी जाऊ या का संध्याकाळी?" लेक विचारायची. टेबलाखाली अंगठा सरकायचा. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, हसायचे, आणि म्हणायचे, "छान झालीय हो भाजी."

लेकीचा घास हातातच राहायचा.

"कान नाही गं," जावई हळूच म्हणायचा, "डोकं. मी रोज बघतो अशी माणसं. घरी ठेवून त्यांचेच हाल होतात. वृद्धाश्रमात कसं, बोलायला बरोबरीची माणसं असतात."

मागची खोली शांत होती. रस्त्याचा आवाज यायचा नाही. तिथे काचेची आवाजबंद खोली बसवली की घरातच दवाखाना. जावयानं मापंसुद्धा घेऊन ठेवली होती, अण्णा आंघोळीला गेले असताना.

२

त्या दिवशी सकाळी तो अण्णांचं मशीन साफ करायला म्हणून घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा लेक आंघोळीला गेली होती, गाडी खाली लागली होती. अण्णांना त्यानं हातानंच खूण केली आणि ते उतरले.

"हिरवा झाला का?"

"झाला!"

जावयानं फोन कोटाच्या खिशात टाकला. बोटांना डबी लागली. छोटी, गोल, आत कापूस. अण्णांचं मशीन.

तो तिथेच उभा राहिला. मशीन नसताना अण्णांना शेजारी बसून ओरडलं तरी कळायचं नाही. मग जिन्याच्या वळणापलीकडून, दोन भिंतींआडून विचारलेलं कसं कळलं? आणि उत्तर तरी कसं, तर लगेच. प्रश्न संपायच्या आत.

'दिवा हिरवा झाला, सवयीनं ओरडले,' तो मनाशी म्हणाला. सरळ आहे की. यात कपाळाला आठ्या घालण्यासारखं काय आहे?

अण्णा वर आले. त्यानं मशीन त्यांच्या कानात बसवलं, आवाज वाढवला आणि विचारलं, "अण्णा, ऐकू येत नव्हतं तर ओरडलात कशाला?"

"कोण ओरडलं?"

"तुम्ही. 'झाला' म्हणून."

अण्णा बुचकळ्यात पडले. "मी कशाला ओरडू? दिवा हिरवा झाला की मी आपला वर येतो. तुमच्या फोनात दिसत असेल ना ते?"

"रोज ओरडता तुम्ही."

"छे हो जावईबापू. घसा बसून किती वर्षं झाली माझा. ओरडायला गेलो तर खोकला येतो."

ते खरं होतं. अण्णांचा आवाज आता पेटीत ठेवलेल्या कपड्यासारखा विटून गेला होता. जावयाच्या हे लक्षात कसं आलं नव्हतं, देव जाणे. कान तपासणारा माणूस, आणि रोज संध्याकाळी खालून येणारा आवाज रोज जेवताना ऐकू येणाऱ्या आवाजाशी त्यानं कधी ताडून पाहिला नव्हता.

लेक डोकं पुसत बाहेर आली. "काय झालं?"

पण जावई हिशेबी गडी. हातात आलेली गोष्ट वाया घालवणाऱ्यांतला नव्हे. "काही नाही," तो म्हणाला. "अण्णांना आठवतच नाही की ते रोज खालून ओरडतात. तूही ऐकतेस ना?"

"ऐकते की," लेक म्हणाली, आणि बापाकडे बघताना तिचे डोळे भरून आले. "अण्णा, असं कसं हो विसरता?"

३

सुट्टीची दुपार. लेक दमून झोपली होती. अण्णा मागच्या अंगणात खुर्ची पालथी घालून बसले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते स्वच्छ दिसत होते, ओठांत दोन खिळे, हातात हातोडी.

जावई जिन्याच्या तोंडाशी गेला. आपण हे का करतोय असं त्याला वाटत होतं, आणि करून बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी तपासणी हा त्याचा धंदा. भिंती आवाज परत फेकतात, मोकळ्या तळघरात जास्तच. आपलाच 'झाला का' गोल फिरून 'झाला' होऊन येत असेल. इतकं साधं.

"हिरवा झाला का?" तो नेहमीच्या आवाजात म्हणाला.

"झाला!"

खिडकीतून अण्णा दिसत होते. ओठांत खिळे.

तरी जावयानं तेच केलं जे तो रोज करायचा. आवाज एक पायरी खाली आणला.

"हिरवा झाला का?"

"झाला." तेवढ्याच हळू आवाजात.

आणखी खाली. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं. उत्तर तसंच आलं. आणखी खाली. कुजबुज. खालूनही कुजबुज. प्रतिध्वनी असा वागत नाही. प्रतिध्वनी उत्तर देत नाही. हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याच्या डोक्यात कुणीतरी मास्तरासारखं बडबडत होतं की पाइप असेल, शेजारचा रेडिओ असेल, कुणीतरी चेष्टा करत असेल.

शेवटी त्यानं आवाजच काढला नाही. फक्त ओठ हलवले. हिरवा झाला का.

थोडा वेळ काही नाही. त्याला हायसं वाटलं. मग "झाला" आलं. कुजबुजत, पण खालून नाही. जिन्याच्या वळणाच्या अलीकडून, भिंतीला लागून, एक हात लांब केला तर लागेल अशा ठिकाणाहून.

तो मागे सरकला तो ओट्यावर आपटला. ताट पडलं. आत लेक कुशीवर वळल्याचा आवाज आला. अंगणात अण्णांना काहीच ऐकू गेलं नव्हतं, ते खिळा ठोकत होते.

मग दुपारचं ऊन अंगावर घेत तो घराला वळसा घालून मागच्या मोठ्या दाराचं कुलूप काढून तळघरात शिरला. जिन्यानं उतरायची छाती झाली नाही. गाडी होती. डबा होता, दिवा विझलेला. गाडी आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा होती, एकच माणूस अंग चोरून उभं राहील एवढी. तिथे अण्णांच्या जुन्या चपला होत्या. बाकी कोणी नव्हतं. भिंतीवर मात्र, अण्णांच्या डोक्याच्या जरा वर, रंग चकाकत होता. कुणीतरी रोज तिथे गाल टेकवून उभं राहत असल्यासारखा तेवढा भाग गुळगुळीत झाला होता.

४

बायकोला सांगावं असं त्याच्या मनात आलं. जेवताना त्यानं तोंड उघडलंसुद्धा. "ऐक ना, खाली कुणीतरी..." आणि लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं? जसं ती अलीकडे अण्णांकडे बघायची, तसं. काळजीनं, मान किंचित कलती करून.

"कुणीतरी काय?"

"कुणीतरी झाडू मारायला हवा," तो म्हणाला. स्वतःच खणलेला खड्डा, त्यात कोण पडणार?

त्यानंतर तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहीनासा झाला. लांबून, फ्रिजपाशी उभा राहून विचारायचा. उत्तर यायचंच. विचारायला उशीर झाला तर आधीच यायचं.

वृद्धाश्रमाचं ठरत आलं होतं. लेक रडली, चार वेळा नाही म्हणाली, मग गप्प झाली. हळव्या माणसाला गप्प करणं फार सोपं असतं. अण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आणि तरी एका दुपारी अंगणात त्यांनी जावयाला जवळ बोलावलं. लेक कामाला गेली होती.

"बसा जरा. पोरीसमोर बोलायचं नव्हतं." ते हातातली खुर्ची हलवून बघत होते, डगमगते का म्हणून. "मला सगळं माहीत आहे."

"काय?"

"खाली गेलो ना, की मला वरचं सगळं ऐकू येतं. स्वच्छ. वर असताना कापूस भरल्यासारखं होतं, आणि खाली गेलं की जेवताना तुम्ही जे जे बोललात ते कुणीतरी कानाशी पुटपुटतं. तुमच्याच आवाजात. 'कान नाही गं, डोकं.' मग खोलीत काच कुठे बसवायची ते. वृद्धाश्रमाचं." अण्णांनी खुर्ची खाली ठेवली. "आणि त्या अंगठ्याचंही."

"पहिल्यांदा भ्यालो. म्हटलं, खरंच डोकं फिरलं. मग वाटलं, नसेल फिरलं. पोरीला मी काही सांगितलेलं नाही. तिचा संसार आहे, मी कशाला काडी टाकू? तुम्हाला माझा आवाज खाली करायचा तर करा. अगदी बंद करा. मी नाही काही म्हणणार. फक्त मला इथून हलवू नका. ही खोली मी माझ्या हातानं बांधली, तिची आई त्या खोलीत गेली. मला तिथे पडून राहू द्या जावईबापू. पाया पडतो तुमच्या."

आणि ते खरोखर वाकले.

एखाद्याला पाझर फुटला असता. जावयाला राग आला. एवढा राग की त्याचे कान तापले. ज्याला आपण बहिरा करून ठेवला, त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि वर माफही करत होता. माफ करणाऱ्या माणसासारखं डोळ्यात सलणारं दुसरं काही नाही.

"बघू," तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. त्या शब्दाचा अर्थ त्यांनाही पाठ होता.

५

त्या संध्याकाळी लेक गाडी लावून वर आली आणि लगेच मागच्या गल्लीतल्या पेशंटला इंजेक्शन द्यायला पायी गेली. "तेवढी गाडी चार्जिंगला लावून टाका हो," जाताना म्हणाली, "उद्या लांब जायचंय."

जावयानं अण्णांना जिन्याकडे बोट दाखवलं. ते पहिली पायरी उतरले तेव्हा त्यानं फोन काढला, दुसरं ॲप उघडलं, आणि पट्टी पार खाली नेली. शून्य. म्हणे खाली सगळं ऐकू येतं. ऐका आता काय ऐकायचं ते.

मग पहिलं ॲप. 'सुरू'. चाक फिरायला लागलं.

"हिरवा झाला का?" तो फ्रिजपाशी उभा राहून म्हणाला.

"झाला!"

त्यानं चहा टाकला. पाणी उकळलं, त्यानं गाळून घेतलं. अण्णा वर आले नव्हते. त्यानं फोन पाहिला. चाक या वेळी थांबलं होतं, आणि तिथे लाल अक्षरात आलं होतं: प्लग जोडलेला नाही.

"अण्णा, हिरवा झाला का?"

"झाला!"

"वर या मग."

"झाला!"

आवाज अगदी आनंदी होता. गोदीतल्या तरुण माणसाचा आवाज.

जावयाला कळलं. इथे कुणी असं म्हणू नये की त्याला कळलं नाही. खाली काहीतरी झालंय, आणि जो ओरडतोय तो अण्णा नाही, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं स्पष्ट कळलं. पायऱ्या समोर होत्या. त्याला भीती वाटत होती हे खरं. पण भीतीच्या खाली, चहाच्या तळाशी साखर बसावी तसं, आणखी एक काहीतरी होतं, आणि ते गोड होतं. मला तर 'झाला' ऐकू आलं, असं सांगता येणार होतं. ते खोटंही नव्हतं.

तो टेबलाशी बसून चहा प्यायला. पूर्ण.

लेक आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. "अण्णा कुठायत?"

"खाली आहेत. येतील. आत्ताच आवाज दिला त्यांनी."

"अण्णा!" ती जिन्यात वाकून म्हणाली.

"झाला!"

"या लवकर, गुडघे गारठतील," म्हणत ती कपडे बदलायला गेली. बाहेर आली, कणीक काढली, हात थांबवला. "एवढा वेळ काय करतायत?" आणि ती पीठ लागलेल्या हातानंच जिना उतरली.

ती ओरडली ती मात्र खरोखरची ओरडली.

अण्णा गाडी आणि भिंत यांच्यामध्ये पडलेले होते. प्लग छातीखाली. अंग थंड. एक हात जिन्याकडे पसरलेला, नखांत भिंतीचा चुना. शेजारचे डॉक्टर आले, त्यांनी कानातलं मशीन काढून लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पडल्यावर बराच वेळ जिवंत होते हो. हाका मारल्या असतील खूप. घसा बघा कसा सुजलाय. तुम्हाला कुणाला ऐकू आलं नाही?"

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"आम्हाला तर," ती म्हणाली, "'झाला' ऐकू आलं."

६

मागच्या खोलीत काच बसली. मापं आधीच घेतलेली होती, काम पटकन झालं.

लेक फारसं बोलत नव्हती. कधी कधी मध्येच विचारायची, "मी हाक मारली तेव्हा उत्तर आलं ना हो? तेव्हा तर ते..." जावई म्हणायचा, "तुला भास झाला." ती मान हलवायची, पण ती बघायची मात्र तसंच, मान कलती करून. ते मशीन तिनं रुमालात बांधून उशाशी ठेवलं होतं.

गाडी काही दिवस सार्वजनिक चार्जरवर नेली. मग तो बंद पडला. मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला येतो, राउटर लावतो, प्लग बदलतो, जरा गर्दी आहे कामांची.

"आज घरीच लावायला हवी," लेक म्हणाली. "उद्या सकाळी तीन घरं आहेत."

"तू खाली जा, मी वरून..."

"तिथे मी पाऊल टाकणार नाही." तिनं हात पुढे केला. "फोन द्या."

"मिस्त्री येईपर्यंत बघू की."

"माझे पेशंट अंथरुणात पडलेत. त्यांना मी 'बघू' सांगू? फोन द्या म्हणते ना."

काय करणार? कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यानं फोन दिला. बाहेर अजून संधिप्रकाश होता, जिन्यातला दिवा लावलेला होता, वर बायको उभी होती. भिण्यासारखं काय आहे, असं म्हणत तो उतरला. वळणापाशी भिंतीला अंग लागू न देता वळला.

अण्णांच्या चपला तिथेच होत्या. तो त्या चिंचोळ्या जागेत शिरला, प्लग गाडीत घातला आणि दाबून धरला. निळा दिवा लागला.

आणि त्याला वरचं ऐकू यायला लागलं.

सगळं. स्वच्छ. नळाचा थेंब. फ्रिजची घरघर. बायकोचा श्वाससुद्धा, कानाला तोंड लावल्यासारखा. तिचं नख फोनच्या काचेवर वाजलं. मग ती थांबली.

"हे काय आहे?" ती स्वतःशीच म्हणाली.

तेव्हा त्याला आठवलं की दोन्ही ॲप शेजारी शेजारी आहेत, आणि दुसऱ्यावर 'अण्णा' असं लिहिलेलं आहे.

"अण्णा," ती वाचत होती. "आवाज. शून्य." पुन्हा नख वाजलं. "शेवटचा बदल... त्याच दिवशी. संध्याकाळी."

"अगं, तसं नाही ते!" तो ओरडला. "ऐकून घे माझं, मी येतो वर!"

"झाला!" त्याच्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं. त्याच्या आवाजात. आनंदानं.

वर तिचं नख 'सुरू'वर वाजलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू, विचारल्यासारखं नाहीच, "हिरवा झाला का?"

"नाही! अगं दार उघडं ठेव, मी..."

"झाला!"

जिन्याचं दार लागलं. कडी सरकली. जिन्यातला दिवा गेला.

मागचं मोठं दार गाडीच्या पलीकडे होतं आणि ते बाहेरून कुलूपबंद असायचं. कुलूप त्यानंच आणलं होतं. तो जिन्याकडे वळला. चार्जरचा निळा उजेड गाडीवर पडत होता, जमिनीवर पडत होता, चपलांवर पडत होता. फक्त खालच्या पायरीवर पडत नव्हता. मध्ये कुणीतरी उभं असावं, तसा तेवढाच अंधार होता.

त्यानं मान वळवून गाडीच्या काचेत पाहिलं, कारण सरळ बघायची हिंमत नव्हती. काचेत त्याचा चेहरा होता, निळा पडलेला. आणि त्याच्या कानाला लागून ओठ होते. चेहरा नव्हता, निदान त्याला दिसला नाही. फक्त ओठ, आणि ते हलत होते. आवाज न काढता.

ते काय चाललंय हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? रोज तर तो हेच करायचा.

वर तिनं ताट ठेवलं. खणकन वाजलं. त्याचं बोट आपोआप वर झालं.

नळ सुटला. थोडा हळू वाजला. त्यानं बोट वर केलं. खुर्ची ओढली, फार लांब कुठेतरी, दुसऱ्या घरात ओढावी तशी. त्यानं बोट वर केलं. ती रडत होती बहुतेक, की हसत होती, ते आता सांगता येईना. तरी काहीतरी होतं. त्यानं बोट वर केलं. मग त्याचा स्वतःचा श्वास कमी होत गेला, मग छातीतली धडधड. त्यानं जिवाच्या आकांतानं किंकाळी फोडली, घशाला ती जाणवली, आणि कानाला काहीच जाणवलं नाही.

दिवा हिरवा झाला. काचेतले ओठ अजून हलत होते. मग ते थांबले, वाट बघत.

काहीही ऐकू येत नव्हतं. त्यानं तरी बोट वर केलं.